शिळ्या पोळीचा मान

मैत्रिणींनो, 'एन्चिलाडा' हा शब्द हल्ली आपल्या घरांत शिरलाय. मुलं हॉटेलात खातात, मोबाइलवर बघतात आणि घरी येऊन फर्माईश करतात, "आई, तू कर ना!" गेल्या महिन्यात आमच्या टेंभी नाक्यावरच्या भिशीत हाच विषय निघाला. एक म्हणाली, "आपल्याकडे ओव्हन कुठाय?" दुसरी म्हणाली, "चीज किती महाग!" तिसरीला काळजी, "सासूबाई तोंडाला तरी लावतील का?" तिन्ही शंका खऱ्या आहेत. पण मला विचाराल, तर हा पदार्थ आपल्याला वाटतो तेवढा परका मुळीच नाही.

एन्चिलाडा मेक्सिकोचा. नावाचा अर्थ साधा, मिरचीत घोळलेली. मक्याची पातळ भाकरी, म्हणजे त्यांची तोर्तिया, मिरचीच्या रश्शात बुडवायची, आत काहीतरी भरून गुंडाळायची, की झालं. १८३१ साली मेक्सिकोत छापलेल्या पाकपुस्तकातसुद्धा तो सापडतो. आणि त्यात लागतं काय? मिरची, टोमॅटो, मका, राजमा. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. आमचं ठाणं १७३७ साली मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं. आज मिरचीशिवाय आपलं एक वाटण होत नाही! मग तिच्या माहेरचा पदार्थ आपल्याला जड का जावा?

तिकडच्या बायकांची एक युक्ती मला फार आवडते. मका दळण्याआधी त्या तो चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. त्याने साल सुटतं, कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं एक ब जीवनसत्त्व अंगी लागतं. चुन्याची निवळी आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. शहाणपण सगळीकडच्या स्वयंपाकघरांत असतंच, फक्त त्याला कुणी शास्त्र म्हणत नाही.

आता कृती. ओव्हन नको, जाड बुडाची कढई किंवा तवा आणि वर घट्ट झाकण पुरे. चार माणसांना आठ पोळ्या धरा.

लाल सॉससाठी आठ-दहा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. चार टोमॅटो उकडून सोला. एक कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्या तव्यावर भाजून घ्या. सगळं अर्धा चमचा जिऱ्याबरोबर बारीक वाटा, दोन चमचे तेलावर परता, मीठ आणि गुळाचा खडा घालून दहा मिनिटं उकळा. ब्याडगीने रंग येतो, जाळ होत नाही, त्यामुळे सासूबाईंचीही तक्रार नसते. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. चव तीच येत नाही, पण छान लागते.

हिरव्या सॉससाठी मेक्सिकोत तोमातियो वापरतात. ते आपल्या रसभरीच्या कुळातलं आंबट फळ. आपण कच्चे हिरवे टोमॅटो घ्यायचे. ते दोन हिरव्या मिरच्या, कांदा, लसूण यांच्याबरोबर उकडून, मूठभर कोथिंबीर घालून वाटायचे. तिसरा प्रकार आपल्याला अगदी जवळचा. तिकडे मिरच्या, तीळ, शेंगदाणे वाटून 'मोले' नावाचा दाट रस्सा करतात. आपलं भाजलेल्या तीळ-दाण्याचं वाटण थोडं सैल केलं, तर त्याच वाटेवर जाणारी चव मिळते.

सारण हवं ते. शिजवून घोटलेला राजमा (रात्रभर भिजवून, पुरता मऊ शिजवलेलाच घ्या), उकडलेली चवळी, लसणीवर परतलेला पालक आणि पनीर, बटाटा आणि मक्याचे दाणे. सामिष घरात कोंबडीचा खिमा किंवा उरलेलं सुकं चिकन. सारण कोरडं हवं, नाहीतर पोळीतून सुटतं. पोळी तव्यावर तेलाचं बोट लावून दोन्हीकडून शेकायची, सॉसमध्ये झटकन बुडवायची, सारण भरून गुंडाळायची आणि कढईत शेजारी शेजारी रचायची. वर उरलेला सॉस, थोडं किसलेलं चीज. चीज नसेल तर कुस्करलेलं पनीर किंवा वाढताना घट्ट दही. झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. वरून लिंबू आणि बारीक चिरलेला कांदा.

यात एक गंमत आहे. ताजी, मऊ, गरम पोळी सॉसमध्ये भिजून फाटते. सकाळची, जरा वातड झालेली पोळी मात्र नीट टिकते. मेक्सिकोतही आदल्या दिवशीच्या तोर्तिया अशाच वापरून टाकतात. म्हणजे हा शिळ्याचा पदार्थ!

आणि मला खरं बोलायचंय ते इथेच. आपल्या घरात शिळी पोळी कोण खातं? सांगायची गरज नाही. सगळ्यांची ताटं वाढून झाली, की सकाळची पोळी, तळाशी राहिलेली आमटी आपल्या पानात येते. कुणी सक्ती करत नाही, पण कुणी विचारतही नाही. आपणच म्हणतो, "अन्न टाकवत नाही गं." अन्न टाकू नये, हे खरंच. पण न टाकण्याची जबाबदारी एकटीच्याच पोटावर का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याच वयाच्या पुरुषांत हा आकडा २५ टक्के. याचं सगळं कारण ताटात नाही. पाळी, बाळंतपणं, जंत, अशी कारणं असतात. पण शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाजी-उसळ किती उरते, याचा हिशोब कुठल्याच घरात होत नाही. आमच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव. त्या रांगेतल्या कितीतरी जणी नऊ दिवसांचा उपास करून, घरच्यांचा दोन वेळचा स्वयंपाक उरकून आलेल्या असतात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. उपास सुटल्यावर तरी पानात पोटभर उसळ पडावी, एवढंच.

म्हणून मला एन्चिलाडाचं कौतुक. त्यात शिळी पोळी एकटीच्या पानात जात नाही. ती आठ पोळ्यांत वाटली जाते आणि सगळेच मिटक्या मारत खातात. आत राजमा, पालक असतो. वर पिळलेल्या लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. फक्त त्यावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. 'नवीन पदार्थ' म्हणजे रोजच्या स्वयंपाकावर आणखी एक काम, असं होऊ देऊ नका. त्या दिवशी हेच जेवण. भात नको, आमटी नको. मुलांची फर्माईश असेल तर राजमा त्यांनी घोटायचा, कांदा यजमानांनी चिरायचा. आणि कढई ओट्यावर नाही, मधोमध ठेवायची. सगळ्यांनी एकदम बसायचं, तुम्हीसुद्धा. आठ पोळ्या, चार माणसं, प्रत्येकी दोन. तुमच्या दोन आधी तुमच्या ताटात वाढून घ्या, मग बाकीच्यांना हाक मारा.