खोट्या नोटेचा भुर्दंड कोणी सोसावा?

एडिंबराहून लंडनला आलेला प्रवासी दुकानात वीस पौंडांची नोट पुढे करतो. गल्ल्यावरची मुलगी ती उलटसुलट करून पाहते, उजेडाकडे धरते, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवते आणि शेवटी विचारते, ‘दुसरी नोट आहे का?’ प्रवासी दुखावतो. त्याची नोट खोटी नसते, ती स्कॉटलंडमधील बँकेने काढलेली असते इतकेच. असे प्रसंग इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे घडत आले आहेत आणि त्यांची चर्चा बहुधा स्कॉटिश अस्मिता विरुद्ध इंग्रजी उद्दामपणा ह्याच अंगाने होते. आमच्या मते येथे मूळ प्रश्न वेगळाच आहे. नोट खोटी निघाली तर नुकसान कोणाच्या माथी बसावयाचे, हा तो प्रश्न होय. आणि तो आपल्या बाजारपेठांनाही लागू आहे.

ब्रिटनमध्ये नोटा काढण्याचा अधिकार एकट्या बँक ऑफ इंग्लंडकडे नाही. स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड व क्लाइड्सडेल बँक, तर उत्तर आयर्लंडमध्ये बँक ऑफ आयर्लंड, डान्स्के बँक व अल्स्टर बँक ह्या व्यापारी बँकांच्या नोटा चालतात. 1844 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये नव्या बँकांना ही वाट बंद झाली. 1845 मध्ये स्कॉटलंड व आयर्लंडमधील जुन्या बँकांचा हक्क मर्यादा घालून टिकविण्यात आला. तत्पूर्वी 1826 साली स्कॉटलंडच्या एक पौंडाच्या नोटा बंद करण्याचा घाट लंडनने घातला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी टोपणनावाने पत्रे लिहून रान उठविले आणि तो बेत सोडावा लागला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्यांचे चित्र असते ते उगाच नव्हे. 2009 च्या बँकिंग कायद्यानुसार ह्या नोटांमागे पूर्ण तारण सदैव ठेवणे बंधनकारक झाले. बँक बुडाली तरी नोटधारक बुडू नये, अशी तजवीज तेथे आहे.

मग नोट नाकारणारा दुकानदार कायदा मोडतो काय? नाही. विधिग्राह्य चलन ही संज्ञा ऋणफेडीपुरती आहे. इंग्लंड व वेल्समध्ये तो दर्जा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांना आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये तर तो कोणत्याच बँकेच्या नोटेला नाही. गल्ल्यावरची खरेदी हा दोघांच्या संमतीचा करार असल्याने दुकानदार कोणतीही नोट नाकारू शकतो. स्कॉटिश नोटा स्वीकारण्याची सक्ती करणारी विधेयके ब्रिटिश संसदेत मांडली गेली, पण त्यांचा कायदा झाला नाही. शिवाय अशी सक्ती एकट्या दुकानदारावर करून गल्ल्यावरच्या त्या मुलीची अडचण सुटली नसतीच.

तिची अडचण नीट पाहू या. सहा बँका, प्रत्येकीच्या वेगवेगळ्या रकमांच्या नोटा आणि त्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या! डिसेंबर 2004 मध्ये बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेवर दरोडा पडून सुमारे 2 कोटी 65 लाख पौंड लुटले गेले. चोरीचा पैसा निरुपयोगी व्हावा म्हणून बँकेने पुढच्याच वर्षी आपल्या मोठ्या नोटा रंग बदलून नव्याने काढल्या. उपाय रास्त होता. पण दूरच्या शहरातील दुकानाला आणखी एक अनोळखी नोट ओळखणे भाग पडले. 2016 पासून बँक ऑफ इंग्लंडनेही कागद सोडून प्लॅस्टिकच्या नोटा आणल्या. नोट तपासण्याची शाईची लेखणी कागदातील पिष्टाशी होणाऱ्या आयोडिनच्या क्रियेवर चालते. प्लॅस्टिकवर ती कुचकामी ठरते. आता पारदर्शक खिडकी, बदलती चमकचित्रे, अतिनील प्रकाशात दिसणारा आकडा अशा खुणा पाहावयाच्या, त्याही एकाहून अधिक. ह्यासाठी वेळ हवा, उजेड हवा, शिक्षण हवे. समोर रांग खोळंबलेली असताना त्या मुलीकडे यांपैकी काय असते?

आणि चूक झाली तर? खोट्या नोटेची भरपाई बँक ऑफ इंग्लंड देत नाही. खोटी आहे हे ठाऊक असताना ती पुढे चालविणे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. मग ती मुळात कितीही निष्पापपणे हाती आलेली असो. येथवर तर्क पटतो, कारण भरपाई दिली तर खोट्या नोटा छापणाऱ्यांचेच फावेल. परंतु नुकसान मालकाचे न राहता नोकराच्या वेतनात कसे उतरते, हे पाहण्यासारखे आहे. थॅचर सरकारने 1986 साली वेतन कायदा आणून वेतनकपातीला आळा घालणारे जुने ट्रक कायदे मोडीत काढले. गल्ल्यातील तुटीपोटी दुकानातील नोकराच्या वेतनातून एका पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत कपात करण्याची मुभा तेव्हा मालकाला मिळाली. नोकरीच्या करारात तशी तरतूद असली की पुरे. 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात तीच तरतूद पुढे चालू राहिली, आणि नोकरी सुटतानाच्या शेवटच्या पगाराला तर दहा टक्क्यांचे कुंपणही नाही. ज्या मुलीला आपल्या पगाराची धास्ती आहे, ती अनोळखी नोट परत करील यात नवल ते काय?

नोटांच्या व्यवहारातील नफा मात्र वरच्या टोकाला साचतो. छापण्याचा खर्च नगण्य, मूल्य मोठे. बँक ऑफ इंग्लंडला होणारा हा लाभ सरकारी खजिन्यात जातो, तसा आपल्या रिझर्व्ह बँकेचा वाढावा केंद्र सरकारकडे जातो. खुल्या बाजाराचे आद्य पुरस्कर्ते ॲडम स्मिथ हेसुद्धा स्कॉटलंडच्या नोटांबाबत निर्बंधांच्या बाजूने होते. क्षुल्लक रकमेच्या नोटांमुळे गरिबांचे नुकसान होते, आणि आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधण्याची सक्ती जशी रास्त, तसेच हे निर्बंधही रास्त, असे त्यांचे प्रतिपादन होते. नोटेची जोखीम दुर्बळाच्या गळ्यात पडू देऊ नये, हा विचार इतका जुना आहे.

आपल्याकडेही प्रांतोप्रांतीच्या नोटांचा अनुभव नवा नाही. 1861 च्या कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चलनाची मंडळे होती व एका मंडळाची नोट दुसऱ्यात विधिग्राह्य नसे. हे बंधन विसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने गेले. मराठवाड्यात निजामाचा हाली रुपया आणि ब्रिटिश कलदार ह्यांतला बट्टा जुन्या पिढीने सोसला. 2016 च्या नोटबंदीनंतर दोन हजारांची अनोळखी नोट आली, तेव्हा तिच्या रंगीत छायाप्रती शेतकऱ्यांच्या व भाजीविक्रेत्यांच्या हाती टेकविल्याच्या बातम्या त्याच दिवसांत आल्या. ती नोट पारखणार कशी, हे त्यांना कोणी आधी समजावलेच नव्हते.

आज हातगाडीवाल्याला संध्याकाळच्या गर्दीत पाचशेची खोटी नोट मिळाली, तर त्याची दिवसभराची मिळकत जाते. बँकेत नेली तर ती जप्त होते, तिचा मोबदला मिळत नाही, आणि पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती वेगळीच. म्हणून तो ती मुकाट्याने पुढे सरकवतो आणि भुर्दंड त्याच्याहूनही गाफील माणसावर पडतो. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने अशा नोटेवर शिक्का मारून पावती द्यावयाची असते. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्यास बँक पोलिसांना महिन्याचे एकत्रित निवेदन देते. पाच किंवा अधिक असतील तरच गुन्हा नोंदविण्याची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेतही शिक्षा आहे ती जाणूनबुजून नोट चालविणाऱ्यास किंवा त्या इराद्याने बाळगणाऱ्यास.

कार्यकर्त्यांना ह्यात करण्याजोगे पुष्कळ आहे. दुकान-कामगारांच्या करारात, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज खोट्या नोटेपोटी वेतनकपात होणार नाही, असे कलम घालून घ्यावे. नोटा पारखण्याचे शिक्षण व साधन पुरविणे ही मालकाची जबाबदारी मानली जावी, आणि शंका येताच नोट नाकारणाऱ्या नोकराच्या पाठीशी त्याने उभे राहावे. फेरीवाल्यांच्या संघटनांनी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना बोलावून बाजारातच नोटा ओळखण्याचे वर्ग घ्यावेत, पावतीचा नियम सांगावा, व नोट घेऊन बँकेत जाणाऱ्या विक्रेत्याबरोबर एखादा कार्यकर्ता जावा. चलन सर्वांच्या विश्वासावर चालते. त्या विश्वासाची राखण करण्याचा खर्च एकट्या हातगाडीवाल्याने आणि गल्ल्यावरच्या मुलीने का भरावा, हा प्रश्न आपण प्रत्येक बाजारपेठेत विचारला पाहिजे.