विश्लेषण : लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो, छोट्या ट्रॅक्टरला तापमानाचा काटा का हवा?

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक किंवा तासगावच्या द्राक्षपट्ट्यात रात्री पाऊस झाला, की सकाळी प्रत्येक बागेत एकच धावपळ असते. पाने ओली राहिली की डाऊनीचा धोका वाढतो. त्यामुळे फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. नेमका अशा वेळी ब्लोअर चालवणारा छोटा ट्रॅक्टर गरम होऊन ओळीतच उभा राहिला, तर नुकसान फक्त इंजिनाचे होत नाही. हातची फवारणी जाते आणि पुढचा हंगाम धोक्यात येतो. इंजिन तापल्याची खबर वेळेत देणारा टेम्परेचर मीटर मात्र काही छोट्या मॉडेलांवर नसतोच. जुन्या ट्रॅक्टरवर तो असला तरी अनेकदा बंद पडलेला असतो.

छोटा ट्रॅक्टर बागेत का तापतो?

रेडिएटरमधून हवा खेळती राहिली तरच इंजिन थंड राहते. बागेत ट्रॅक्टर अगदी हळू चालतो, पण पीटीओवर ब्लोअर फिरवण्यासाठी इंजिनाला सतत जास्त फेऱ्यांवर राबावे लागते. म्हणजे वेग कमी आणि भार जास्त. पुढून मिळणारा वारा जवळपास नसतोच, सगळी भिस्त पंख्यावर. त्यात सुकी पाने, धूळ आणि औषधाचे तुषार रेडिएटरच्या जाळीवर साचतात. ब्लोअरच्या आवाजात पाणी उकळल्याचा आवाजही चालकाला ऐकू येत नाही.

मग लाल दिवा पुरेसा का नाही?

दिव्यामागे साधा स्विच असतो. ठरावीक तापमान आले की तो दिवा लावतो. हे तापमान मॉडेलनुसार बदलते. साधारणपणे ते १०० अंश सेल्सिअसच्या वर ठेवलेले असते. पाण्यावर चालणारे बहुतेक डिझेल इंजिन कामात ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहते. म्हणजे ९० वरून १०५ पर्यंतचा सगळा प्रवास दिव्याला दिसत नाही. दिवा लागतो तेव्हा हाताशी मोजकीच मिनिटे असतात. त्यात भर दुपारच्या उन्हात छोटासा दिवा नजरेतून सुटतो आणि बल्ब गेलेला असेल तर तो लागतच नाही.

त्यानंतरचा खर्च शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हेड गॅस्केट जाते, हेड वाकते आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर पिस्टन लायनरमध्ये जाम होतो. दुरुस्तीचा हा खर्च साध्या मीटरच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

काटा नेमके काय सांगतो?

काट्याचा खरा उपयोग रोजची सवय कळण्यात आहे. एकाच बागेत, त्याच ब्लोअरवर काटा रोज ८५ वर राहत असेल आणि आज ९५ वर गेला, तर काहीतरी बदलले आहे. जाळी भरली असेल, पंख्याचा पट्टा ढिला असेल किंवा कूलंट कमी झाले असेल. दहा मिनिटांत जाळी झाडून काम पुन्हा सुरू करता येते. काटा अचानक चढला तर पट्टा तुटल्याची किंवा होज पाइप फुटल्याची शंका घ्यावी.

उलटी बाजूही आहे. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. मग इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. काटा दिवसभर ६० वर अडकून राहिला तर ही चूकही उघडी पडते.

कोणता मीटर घ्यावा?

दोन प्रकार मिळतात. मेकॅनिकल मीटरमध्ये इंजिनात बसणारा बल्ब आणि त्याला जोडलेली तांब्याची बारीक नळी असते. त्याला वीज लागत नाही. मात्र नळी कापता किंवा वाढवता येत नाही आणि मुडपली तर मीटर निकामी होतो. इलेक्ट्रिक मीटरमध्ये सेन्सर असतो. पाणी तापते तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि काटा वर सरकतो. यात सेन्सर आणि मीटर एकमेकांशी जुळणारेच हवेत. एका कंपनीचा मीटर आणि दुसरीचा सेन्सर जोडला तर चुकीचा आकडा दिसण्याची शक्यता मोठी.

फक्त हिरवा-लाल पट्टा असलेल्या मीटरपेक्षा अंशांचे आकडे असलेला मीटर घेणे शहाणपणाचे. ‘थोडा वर गेला’ आणि ‘१० अंशांनी वाढला’ यात मोठा फरक आहे.

सेन्सर कुठे बसवावा?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सेन्सरची योग्य जागा थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडील बाजूला, म्हणजे हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या खालच्या भागात असते. अनेक इंजिनांवर तिथे बंद केलेला प्लग असतो. वरचा होज पाइप कापून मध्ये अडॅप्टर घालणे सोपे वाटते, पण तो थर्मोस्टॅटच्या पलीकडे येतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असताना काटा थंडच दाखवेल. नाइलाजाने अडॅप्टर बसवलाच, तर त्याला अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागते, कारण दोन्ही बाजूंना रबर असते.

बाकीची पथ्ये साधी आहेत. काम इंजिन थंड असतानाच करावे. वीजजोड चावीच्या स्विचमधून आणि छोट्या फ्यूजमधून घ्यावा. मूळ दिव्याचा स्विच काढू नये. काटा आणि दिवा दोन्ही हवेत. एका वायरचा सेन्सर इंजिनाच्या धातूतूनच अर्थिंग घेतो, म्हणून आट्यांवर टेपचे थरावर थर देऊ नयेत. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त औषधे उडतात. ती उघडे जोड गंजवतात. जोड झाकलेलेच हवेत. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याशी बोलावे. आणि इंजिन एअर कूल असेल तर पाण्याचा हा मीटर त्याच्या कामाचा नाही.

मीटर बसवण्याआधी सेन्सर जोडून उकळत्या पाण्यात धरावा. काटा शंभरच्या जवळ जायला हवा. समुद्रसपाटीपासून उंचावरच्या गावांत पाणी थोडे आधी उकळते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

काट्यावर किती विसंबावे?

पूर्ण नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरे सांगतो. पाणी गळून गेले तर तो हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा खालीही येऊ शकतो. म्हणून चढलेला काटा विनाकारण एकदम खाली आला, तर ती सुटका नसून धोक्याची खूण समजावी. रोज सकाळी कूलंट आणि जाळी पाहण्याला काटा पर्याय नाही.

काटा चढल्यावर आधी पीटीओ बंद करून भार काढावा आणि काही मिनिटे इंजिन हळू फिरू द्यावे, म्हणजे पंखा उष्णता बाहेर काढेल. पाणी गळून गेले असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणामुळे आत दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

जबाबदारी कोणाची?

छोटा ट्रॅक्टर अनेकदा मालक चालवत नाही. मजुरीवरचा चालक चालवतो. इंजिन बसले की पहिला आरोप होतो तो ‘तूच गाडी तापवली’ हा. चालकाकडे पाहायला काटाच नसेल तर हा आरोप अन्यायाचा आहे. काटा असेल तर कोणत्या आकड्यावर थांबायचे, हे मालक आणि चालक आधीच ठरवू शकतात.

ट्रॅक्टरची चाचणी करणारी केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुदनीला आहे. तिथल्या चाचण्यांत इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजून नोंदवले जाते. चाचणीच्या टेबलावर जो आकडा महत्त्वाचा, तो बागेत राबणाऱ्या माणसापासून लपलेला का असावा? लाखांच्या यंत्रात आकडे असलेला काटा कारखान्यातूनच आला पाहिजे आणि अनुदानाच्या यादीत येण्यासाठी ती अट असायला हरकत नाही. तोवर हंगामाआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल-फिल्टरच्या बरोबरीने हे काम करून घेतलेले बरे. पाऊस पडल्यावर मेस्त्री शोधत बसायला वेळ नसतो.