‘फ्री चेकिंग’चा बोर्ड काढा, फवारणी पंपाच्या धंद्यात पैसा निदानाचा आहे



लातूर-नांदेडकडच्या मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "सर, कमी भांडवलात गावातच काय करता येईल?" माझं उत्तर बऱ्याचदा एकच असतं, छोट्या इंजिनांची दुरुस्ती. फवारणीचे पेट्रोल पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर. औसा, निलंगा, अहमदपूर, लोहा, कंधार कुठंही जा, सोयाबीन आहे म्हणजे फवारणी आहे. अर्धापूरला केळीच्या बागा आहेत म्हणजे गवत कापणं आलंच. यंत्र विकायला सगळे बसलेत, दुरुस्त करून द्यायला कोण आहे?

पण दुकान टाकलं की पहिला बोर्ड लागतो, "मशीन चेकिंग फ्री". मला हा बोर्ड अजिबात पटत नाही. कारण सांगतो.

चेकिंग फुकट केलं की तुमची कमाई फक्त पार्ट बदलण्यात उरते. मग पंप कशानंही बंद पडलेला असो, हात आपोआप कार्बोरेटरकडं जातो. नवा कार्बोरेटर बसवला, पैसे घेतले, गिऱ्हाईक गेलं. चौथ्या दिवशी तोच पंप परत. तुमच्यासाठी ती एक खेप असते. शेतकऱ्याचं तसं नसतं. श्रावणात दोन पावसांच्या मधी दीड-दोन दिवसांची उघडीप मिळते. पानावर उंटअळी, खोडात चक्रीभुंगा. त्या दोन दिवसांत पंप चालला नाही तर पुढची उघडीप कधी येईल हे कुणी सांगावं? तो माणूस तुम्हाला कार्बोरेटरचे पैसे देत नाही, बघा. पंप उद्या सकाळी चालेल या खात्रीचे देतो.

म्हणून तपासणीचे पैसे घ्या. शंभर रुपये घ्या, सांगून घ्या, काम केलं तर बिलात वळते करा. आणि त्या शंभर रुपयांत खरंच तपासा.

तपासणी तोंडानं सुरू होते. "कसा बंद पडला?" बटण दाबल्यासारखा पटकन गेला, तर करंटचा दोष बघा: कॉइल, प्लगची टोपी, स्टॉप बटणाची वायर. रेस कमी-कमी होत मेला, तर पेट्रोलचा. दहा मिनिटं चालून मरतो आणि टाकीचं झाकण सैल केलं की परत चालतो, तर झाकणातलं हवेचं भोक चोंदलंय. ते टाचणीचं काम आहे, त्याला कार्बोरेटर विकला जातो! गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, तर कॉइलवर संशय घ्या.

दुसरा प्रश्न, "पेट्रोल कधीचं?" पंप दिवाळीपासून कोपऱ्यात पडलेला, टाकीत तेच पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल धरतं, पाणी जास्त झालं की ते मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळीचं तोंड नेमकं तळाशीच. कार्बोरेटरचा रबरी डायफ्रामही कडक होतो. आधी टाकी ओता, ताजं पेट्रोल टाका, फिल्टर बघा. बरेच पंप इथंच चालू होतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, "ऑइल किती टाकता?" टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधूनच जातं. २५:१ सांगितलं असेल तर एका लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. कोणतं, ते त्या मशीनचं पुस्तक सांगेल. "अंदाजानं झाकणभर" हे माप नाही. आणि आता फोर-स्ट्रोक पंपही आलेत, त्यांना साधं पेट्रोल लागतं, ऑइल खाली वेगळं. एका घरात दोन्ही पंप असले की गडी डबे बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन काही वेळातच चिकटतो.

मग प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर एअर फिल्टर काळ्या मातीनं भरलाय. पांढरा पडलाय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा ऑइल सीलकडून हवा आत ओढली जातेय. पांढऱ्या प्लगला हलक्यात घेऊ नका, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, इंजिन जळायला आलंय. चालतो पण जोर नाही, तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी बघा. दोरी हाताला हलकी लागते, तर रिंग आणि पिस्टन.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. स्क्रू फिरवण्याआधी तो किती आटे उघडा आहे ते मोजून वहीत लिहा.

शहरात हौशी लोक नायट्रोवर पळणारे रिमोटचे ट्रक चालवतात. मुठीएवढं इंजिन, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं इंधन, तेल त्यातच मिसळलेलं, स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग. ते बंद पडलं की नवखा आधी सुई पिळतो, जाणता आधी प्लग, इंधन आणि नळी बघतो. खेळण्यातली ही शिस्त आपल्या पंपाला का नको?

कुणी म्हणेल, सर, आता चार्जिंगचे पंप आले, हा धंदा किती दिवस? बरोबर आहे. लहान रानाला चार्जिंग पंपच परवडतो, आणि ते वाढणारच. फक्त फवारणी पंपावर दुकान टाकू नका. ब्रश कटर आणि वीडर पहिल्या दिवसापासून घ्या, बॅटरीचं कामही शिकून घ्या. हत्यारं आणि थोडे पार्ट यासाठी मुद्राच्या शिशु गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज विचारून बघा, पण कार्बोरेटरचा ढीग भरायला ते वापरू नका.

राहिला बिनहंगामाचा प्रश्न. जून ते सप्टेंबर गर्दी, मग दुकानात माशा. इथं माझं म्हणणं असं, की सोयाबीनची रास झाली की तुम्हीच फोन करा: "दादा, पंप घेऊन या, झोपवून देतो." टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करायचा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून दोरी हळू ओढायची, फिल्टर धुवायचा. टाकीवर स्टिकर लावायचा: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, लिटरला किती मिली, आणि खाली तुमचा नंबर. अर्ध्या तासाचं काम, ठरलेला दर. फोन कुणाला करायचा? ज्यांची नावं, गावं आणि मशीनचं मॉडेल तुम्ही त्या शंभर रुपयांच्या पावतीवर लिहून ठेवलं असेल त्यांना.