मत असणे आणि मत विचारले जाणे

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा कॅनडातून चंद्रपूरला आला होता. वीसेक वर्षांपूर्वी अभियंता होऊन तो परदेशी गेला, ऑन्टारिओ प्रांतात स्थिरावला आणि यथावकाश तिकडचा नागरिकही झाला. मुलगा हुशार, वाचन दांडगे. मुक्काम चार दिवसांचा होता; त्यातले तीन दिवस आमच्या ओसरीवर जगाचे राजकारण चालले. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली तेव्हा कॅनडा तीत सामील झाला नाही, याचा त्याला अभिमान आहे. वास्तविक त्या वेळी स्वारी चंद्रपुरातच होती. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान त्रूदो यांनी निज्जर हत्येबाबत भारताकडे बोट दाखवले आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी एकमेकांचे राजनैतिक अधिकारी घालवून दिले, त्याचा त्याला संताप आहे, आणि तो दोन्ही सरकारांवर सारखाच. भारताने कोळसा लवकर सोडला पाहिजे, असे तो म्हणतो. भारताने लोखंडाच्या खाणी धडाक्याने उघडाव्यात, ग्रामसभा आणि जनसुनावण्यांत वर्षे घालवू नयेत, हेही तोच म्हणतो.

चौथ्या दिवशी आम्ही मोटारीने आलापल्लीकडे निघालो. आष्टीला वैनगंगेच्या पुलाआधी खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती. अर्धा तास गाडी जागची हलली नाही. तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, मी एवढा बोललो, तुम्ही नुसतं ऐकलं. तुमचं मत काय, ते तर सांगा.’’

मी म्हटले, ‘‘मत आहे ना बाबू. पण ते मला कधी कोणी विचारलं नाही.’’

तो हसला. मी विनोद केला नव्हता. तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आज येथे पुरे करतो.

परराष्ट्र धोरण ही दिल्लीची गोष्ट आणि जंगल ही आमची, अशी एक समजूत आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचा अनुभव वेगळा आहे. लढाई युरोपात आणि ब्रह्मदेशात चालली होती, पण १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या त्या चिमूरला. १९६२ साली चीनने हिमालयात आक्रमण केले; यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि त्यांच्या जागी आमच्या मूलचे दादासाहेब कन्नमवार मुख्यमंत्री झाले. त्याच दशकात भद्रावतीला दारूगोळ्याची आयुध निर्माणी उभी राहिली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत वसल्या. आज त्या गावांत बंगाली आणि मराठी दोन्ही भाषा कानी पडतात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या परिसरात, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. देशाची फाळणी झाली, ल्हासा पडले, त्याची किंमत जमिनीच्या रूपाने या जंगलाने मोजली. निर्वासितांना आसरा दिला याबद्दल माझी तक्रार नाही. तो द्यायलाच हवा होता. मात्र ज्या माडिया-गोंडांच्या रानालगत ही वस्ती झाली, त्यांचे म्हणणे काय, हा प्रश्न कोणत्या सरकारी कागदावर असल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही.

डाळीचेच पाहा. आमच्याकडे धान निघाले की बांधीतल्या ओलीवर लाखोरी, हरभरा, जवस पेरण्याची रीत आहे. कॅनडा हा वाटाणा आणि मसूर पिकवणारा मोठा देश. भाच्याच्या देशातले ते धान्य जहाजाने आपल्याकडे येते. २०१७ साली केंद्राने पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये ते शून्यावर आणले. शहरातल्या गिऱ्हाईकाला बेसन स्वस्त मिळावे हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण स्वस्त वाटाणा आला की हरभऱ्याचा भाव खाली येतो, आणि तो कोणाच्या घरात खाली येतो हे सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात उभे राहिले म्हणजे कळते. राजदूत परत गेले तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे भरले. वाटाण्याचे जहाज बंदराला लागले, त्याचा मथळा झाला नाही.

तेव्हा माझ्या मताचे पहिले कलम असे की, ‘परराष्ट्र’ आणि ‘अंतर्गत’ ही विभागणी मंत्रालयांच्या सोयीची आहे. ज्याच्यावर निर्णय कोसळतो त्याला ती दिसत नाही. दुसरे कलम असे की, कोणत्याही निर्णयाची पारख करताना मी तो डावा की उजवा हे पाहत नाही. ज्याला त्याचे ओझे उचलायचे आहे त्याला आधी विचारले होते काय, एवढेच पाहतो.

ही कसोटी मी पुस्तकातून घेतलेली नाही. माझी निम्मी नोकरी शिक्षक म्हणून गडचिरोली जिल्ह्यात झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हा साहेब जवळ आले, असे लोक म्हणत. साहेब जवळ आले खरे, पण विचारायला आले नाहीत. विचारण्याची रीत उलट लोकांनीच त्यांना शिकवली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली, तेव्हा अनेकांना ती फुटीरपणाची वाटली. प्रत्यक्षात त्या गावात अभ्यासगट बसत आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय थांबत असे. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे मेंढा हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तरीही बांबू कापून बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. संसदेचा कायदा डोंगराएवढ्या गावापर्यंत पोचायला पाच वर्षे आणि दोन मंत्री लागले.

आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडकडे या. या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे पाऊणशेच्या घरात वाहने जाळली. २०२१ पासून उत्खननाने जोर धरला. २०२२ मध्ये विस्तारासाठी जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, म्हणजे खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ज्याच्या दारात खाण, त्याने मत सांगायला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे!

कायद्याची गंमत तर याहून मोठी आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार मुरूम, रेती अशा गौण खनिजांसाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. लोखंड मात्र ‘प्रमुख’ खनिज, म्हणून तेथे ते बंधन नाही. रस्त्याला मुरूम हवा तर गावाला विचारा, डोंगर हवा तर नको! वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी असे २००९ च्या परिपत्रकाने सांगितले. २०२२ च्या नियमांनी केंद्राच्या अंतिम मंजुरीआधी ती पाहण्याची गरज उरू दिली नाही. ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराच्या बारा गावांनी खाणीला नकार दिला. म्हणजे विचारणे अशक्य नाही. न विचारण्यातली सोय काय, हेही त्या निकालानेच दाखवून दिले.

भाचा म्हणेल, कॅनडात असे होत नाही. होते बाबू. आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा २००७ साली संयुक्त राष्ट्रांत मताला आला तेव्हा विरोधात मत देणाऱ्या चार देशांत कॅनडा होता. भारताने बाजूने मत दिले, पण आमचे सारेच नागरिक मूलनिवासी आहेत असे सांगून स्वतःला त्यातून सोडवून घेतले. पुढे २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्सिल्कोतिन लोकांचा १७०० चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीवरचा हक्क मान्य केला, २०२१ मध्ये त्या जाहीरनाम्यासाठी कायदाही झाला. मात्र त्याच देशाच्या सरकारने २०१८ साली एक तेलवाहिनी विकत घेतली. आदिवासींशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही म्हणून न्यायालयाने तिची मंजुरी रद्द केली. सरकारने पुन्हा सल्लामसलत करून पुढच्या वर्षी ती पुन्हा मंजूर केली आणि २०२४ मध्ये तेल वाहू लागले. उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारण्याची कला दोन्ही देशांना साधली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदुकीनेही गावाला विचारले नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून दलम आले, तेव्हा तेंदूपत्त्याचा भाव वाढवून मिळाला हे खरे. पण पुढे खबऱ्या ठरवून किती गरीब माणसे मारली गेली! २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याला पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक. यातले कितीतरी याच जिल्ह्यातली मुले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांच्या एका सर्वोच्च नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षे ‘नको’ म्हणणाऱ्या गावावर नक्षलवादाचा शिक्का मारता येत होता. ती सबब आता संपत आली आहे. यापुढे गावाचा नकार हा गावाचाच मानावा लागेल.

आलापल्लीहून परतताना भाच्याने एक प्रश्न टाकला, आणि तो मला अजून टोचतो आहे. ‘‘मामा, समजा ग्रामसभेनं खाणीला होकार दिला, तर?’’

वाटेत चहाच्या टपरीवर खाणीत काम करणारी तीन-चार मुले बसली होती. अंगात कंपनीचा गणवेश, हातात मोबाईल, बोलणे माडियात. कधीकाळी अशी मुले माझ्या वर्गात बसत आणि दहावीनंतर तेंदूपत्त्याच्या हंगामाची वाट पाहत. त्यांना पगार हवा आहे आणि तो मागण्यात काही गैर नाही. माझी स्वतःची इच्छा विचाराल तर तो डोंगर राहावा, ठाकूरदेवाची यात्रा राहावी. पण माझी इच्छा म्हणजे गावाचे मत नव्हे. मी निवृत्तिवेतनावर चंद्रपुरात राहतो. माझ्या घरचा दिवा ज्या औष्णिक केंद्राच्या विजेवर जळतो त्याची राख दुसऱ्याच गावावर पडते.

म्हणून माझे उत्तर असे. सारी माहिती माडियात, गावातच सांगितली; पोलीस आणि दलम दोघांचीही भीती नसताना सभा बसली; ‘नाही’ म्हटले तर ते ऐकले जाईल याची खात्री असली; आणि मग गावाने ‘हो’ म्हटले, तर ते मला मान्य केले पाहिजे. ते जड जाईल. पण जो फक्त नकारापुरता ग्रामसभेचा भक्त आहे, तो ग्रामसभेचा भक्त नव्हे, आपल्याच मताचा भक्त आहे.

भाचा ऑन्टारिओला परत गेला. तिकडे त्याला मत आहे, इकडे नाही. परदेशस्थ भारतीयाच्या कार्डावर व्हिसा मिळतो, मतदान नाही. तरी आपले मत जगाला ऐकू जाते, असे त्याला वाटते. एटापल्लीच्या त्या पोरांकडे मतदार ओळखपत्र आहे, दर पाच वर्षांनी ती बटणही दाबतात. डोंगराबद्दल मात्र त्यांना कोणी विचारलेले नाही. देशी आणि परदेशी राजकारणावरचे माझे सारे मत या दोघांच्या मध्ये उभे आहे.