उशी काढली कोणी?

भालकीकडच्या एका विद्वान गृहस्थांनी सध्या एक मत पसरवायला घेतलंय. ज्याचा मणका सांधेवातानं आखडून एकसंध झाला, त्याची मान मोडून हातपाय गेले तर ऑपरेशनच्या नादी लागू नये. नसा मेल्या की मेल्या. डॉक्टर लोखंड घालतात, घरचे रान विकतात, माणूस खाटेवरचा खाटेवरच. त्यापेक्षा घरी आणावं, तेल चोळावं, सेवा करावी. पुराव्याला तीन-चार माणसं आहेतच: सोलापूरला, हैदराबादला नेली, ऑपरेशन झालं, चालली नाहीत. संपला युक्तिवाद.

पुरावा मान्य. पण पडल्यापासून टेबलावर जाईपर्यंत त्या मानांचं काय झालं, हे या गृहस्थांनी कुणाला विचारलं का?

या आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. विशी-तिशीत पहाटे कंबर आखडण्यापासून सुरुवात, आणि वर्षानुवर्षांनी मणके एकमेकांना जुळून एक्स-रेत बांबूसारखे दिसतात. जुळलं म्हणजे घट्ट झालं, हा आपला समज. उलट हाड आतून विरळ होतं. न्हाणीत पाय घसरला, मोटारसायकल खड्ड्यात आदळली, एवढ्यानंही मान वाळलेल्या तुराटीसारखी आरपार मोडते, बहुधा पाचव्या ते सातव्या मणक्यांच्या आसपास. वरचा भाग वाकत नाही, खालचा वाकत नाही. मग जी काही हालचाल होते ती सगळी मोडलेल्या जागी.

आता उशीचं. अशा माणसाची मान मुळातच पुढे झुकलेली असते. उताणं निजवलं तर डोकं खाटेला टेकत नाही, अधांतरी राहतं. बायको रोज दोन उशा सारते तेव्हा कुठे त्याला झोप लागते. तो पडला की चार जण धावतात, मान वाकडी दिसते, आणि एखादा जाणता ओरडतो, ‘अहो, सरळ निजवा!’ उशा काढतात, कपाळ खाली दाबतात. कुणी कॉलर आवळतो, ती सरळ मानेच्या मापाची. मोडलेली फट पुढून उघडते आणि मज्जारज्जूला हिसका बसतो. दारातून हात हलवत निघालेला माणूस दवाखान्यात लुळा पोचतो.

जो या तडाख्यातून वाचतो, त्याला एक्स-रे गाठतो. खालचे मणके खांद्यांच्या सावलीत लपतात, विरळ हाडात चीर उमटत नाही. ‘नुसता मुका मार,’ म्हणून गोळ्या मिळतात. मग हाडवैद्य, चोळणं, जीपमधून गचके. दोन-तीन दिवसांनी बोटांना मुंग्या येतात, लघवी अडते. मग धावाधाव, मग ऑपरेशन. नाही चालला तर दोष कुणाचा? ऑपरेशनचा! वा रे न्याय!

बरं, नसा मेल्या हे ठरवलं कोणी? त्यासाठी ‘ए’ ते ‘ई’ अशा पायऱ्या आहेत. सर्वांत वाईट ‘ए’ ठरवण्याआधी गुदद्वाराशी स्पर्श कळतो का, तिथे आवळता येतं का, हे बोटानं तपासतात. तिथे थोडं जरी कळलं तरी इजा पूर्ण नाही, आणि अशांत सुधारणेची शक्यता बरीच जास्त. ‘ए’मध्ये आशा थोडीच, खोटं कशाला बोला. मानेच्या मज्जारज्जूच्या इजांवरचा २०१२ सालचा एक मोठा अभ्यास आहे. तो फक्त आखडलेल्या मणक्यांचा नव्हता, पण वेळेबद्दल स्पष्ट बोलतो. २४ तासांच्या आत ऑपरेशननं मज्जारज्जूवरचा दाब काढलेल्यांत १९.८ टक्के लोक सहा महिन्यांत निदान दोन पायऱ्या वर आले, उशिरा काढलेल्यांत ८.८ टक्के.

शिवाय सुधारणा म्हणजे चालणंच का? कोपर सरळ करणारा स्नायू जागा झाला तर माणूस हातांवर भार देऊन खाटेवरून खुर्चीत सरकतो. गृहस्थांच्या वहीत तो ‘फेल’.

राहिलेले मुद्दे झटपट. खर्च? खाटेवर पडून पाठीला होणाऱ्या जखमा वर्षभर सांभाळून बघा. न्यूमोनिया? धोका खराच आहे, ऑपरेशननंतरही, पण मोडकी मान तशीच ठेवली तर माणसाला उठवून बसवणारही कसं? तेल? मोडलेल्या मानेला?

   

मग करायचं काय? फार नाही. मान ज्या वळणात होती त्याच वळणात, नेहमीच्या उशांसकट, न्यायची. पूर्ण मणक्याचा सीटी स्कॅन, कारण दुसरीकडेही मोड असू शकतो. नसांची तक्रार असेल तर एमआरआय. ऑपरेशननं मोडाच्या वर-खाली अनेक मणके धरणारी पक्की जोडणी, आणि नंतर महिनोन्‌महिने व्यायाम.

औराद, बसवकल्याण, आळंद, कुठेही असा वाकलेला माणूस घरात असेल तर आजच घरच्यांना सांगून ठेवा: तो पडला आणि मान दुखते म्हणाला, तर उशी काढू नका, आणि एक्स-रे साफ आला तरी सीटी स्कॅन मागितल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.