सिगारचा आस्वाद आणि शंकेचा व्यापार

सिगार ओढणाऱ्याला तिच्यापासून आनंद मिळतो, ही गोष्ट प्रथम मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. जेवणानंतरचा निवांत वेळ, समोर दोन जिवाभावाचे मित्र, तंबाखूच्या पानाचा गंध आणि घाई न करता तासभर रंगणाऱ्या गप्पा, हा आनंद खोटा नाही. तो केवळ धनिकांचा आहे असेही नाही. कार्ल मार्क्स सिगारचे मोठे शौकीन होते. ‘कॅपिटल’ लिहिताना जेवढ्या सिगार ओढल्या तेवढ्यांची किंमतसुद्धा त्या ग्रंथातून वसूल व्हायची नाही, असे ते म्हणत, अशी आठवण त्यांचे जावई पॉल लाफार्ग यांनी नोंदवली आहे. विल्हेल्म लीबक्नेख्ट यांची आठवण तर अधिकच बोलकी आहे. लंडनच्या हॉलबर्न भागात मार्क्स यांना एकदा स्वस्त सिगारचे दुकान सापडले. प्रत्येक पेटीमागे पैसे वाचतात, तेव्हा जितक्या जास्त सिगार ओढाव्यात तितकी बचत जास्त, असा हिशेब ते मित्रांना ऐकवू लागले! भांडवलाचे गणित जगाला उलगडून दाखविणाऱ्या माणसाने स्वतःच्या सवयीचे गणित असे मांडावे, यात हसण्यासारखे आहे तसे शिकण्यासारखेही आहे. माणूस आधी आवड जोपासतो आणि तिच्यासाठी युक्तिवाद मागाहून शोधतो.

असाच एक युक्तिवाद आजही जागोजागी ऐकू येतो. ‘धूम्रपानाच्या धोक्याविषयी तज्ज्ञांतच एकमत नाही; मग आमच्या सुखात माती का कालवता?’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सिगारमुळे अपाय किती होतो, हा एक. मुळात अपाय होतो की नाही याविषयी खरोखरच मतभेद आहे काय, हा दुसरा. आणि अपाय ठाऊक असूनही तो पत्करण्याचा माणसाला अधिकार आहे काय, हा तिसरा. पहिला प्रश्न शास्त्राचा, दुसरा व्यापाराचा आणि तिसरा स्वातंत्र्याचा आहे. ही गुंतागुंत आपोआप झालेली नाही; तीवर काहींचे नफे उभे राहिले. म्हणून ती सोडविणे अगत्याचे आहे.

खरा मतभेद कोठे आहे?

१९५० साली अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी सिगारेट व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सिगारेटविरुद्धचा पुरावा सरकारी शिक्क्यानिशी जगापुढे आला. याच अहवालात सिगारविषयी मात्र सौम्य भाषा होती. दिवसाला पाचपेक्षा कमी सिगार ओढणाऱ्यांचे मृत्युमान धूम्रपान न करणाऱ्यांच्या जवळपास आहे, असे त्यात म्हटले होते. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. त्या वर्षी अमेरिकेत सिगारचा खप एकदम वाढला. लोकांनी धूर सोडला नाही, धुराचा प्रकार तेवढा बदलला.

अहवाल खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ अर्धवट घेतला गेला. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातील निकोटिन पुरेसे मिळावे म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात उतरते. म्हणून जन्मभर केवळ सिगारच ओढलेला मनुष्य सहसा धूर आत घेत नाही आणि त्याचे फुफ्फुस तुलनेने वाचते. परंतु जे फुफ्फुस चुकविते ते तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना भोगावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आकडेवारीप्रमाणे, दिवसाला एक-दोन सिगार ओढणाऱ्यांचे एकूण मृत्युमान फारसे वाढलेले दिसत नाही. पण तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र दुपटीच्या घरात जातात. सिगारची संख्या वाढली आणि धूर आत घेतला, की फुफ्फुस व हृदय यांचे धोकेही चढत जातात. सिगारेट सोडून सिगारकडे वळलेला मनुष्य जुन्या सवयीने धूर आत ओढतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा बदलाने काय साधते ते कळेल.

तेव्हा प्रामाणिक मतभेद आहे तो मात्रेविषयी. महिन्यातून एखादी सिगार ओढणाऱ्याचा धोका किती, याचे नेमके उत्तर देणे कठीण आहे. तो रोज ओढणाऱ्याच्या मानाने बराच कमी असणार, हे कोणीही विचारी डॉक्टर मान्य करील. ‘कमी’ आणि ‘शून्य’ यांतील अंतर मात्र कोणत्याही अभ्यासाने पुसलेले नाही.

शंका कोणी पेरली?

आता दुसरा प्रश्न. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट कंपन्यांनी एक संयुक्त निवेदन छापून आणले. ग्राहकांच्या आरोग्याची चिंता आम्हाला सर्वाधिक आहे, संशोधनाला आम्ही मदत करू, पण धोका अद्याप सिद्ध झालेला नाही, असा त्याचा सूर होता. १९६९ साली यांतील एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर, शंका हेच आपले उत्पादन आहे, असे स्वच्छ लिहून ठेवलेले होते. अशी कागदपत्रे पुढे उजेडात आली आणि ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निर्णय दिला, की या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची जाणूनबुजून फसवणूक केली. म्हणजे ज्याला ‘तज्ज्ञांतील मतभेद’ म्हटले जात होते, त्यातील मोठा भाग कारखान्यातील मालासारखा तयार करून बाजारात आणलेला होता.

शंकेचे हे पीक सिगारेटवाल्यांनी घेतले; सिगारवाले त्याच्या सावलीत सुखेनैव बसून राहिले. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा १९६५ साली झाला. सिगारच्या पेटीवर तसा इशारा छापण्यास तेथील सात मोठ्या कंपन्या तयार झाल्या, त्या २००० साली, सरकारी आयोगाने कारवाईचा बडगा उगारल्यावर. मधल्या पस्तीस वर्षांत सिगार ही यशाची, रसिकतेची आणि पुरुषार्थाची खूण म्हणून विकली गेली. १९९२ मध्ये तिच्या शौकिनांसाठी खास चकचकीत मासिक निघाले आणि १९९३ नंतरच्या पाच वर्षांत अमेरिकेतील खप सुमारे निम्म्याने वाढला. प्रचलित अर्थशास्त्र ‘ग्राहकाचे सार्वभौमत्व’ मोठ्या भक्तिभावाने शिकविते. पण विक्रेता माहिती दडवतो आणि वस्तू स्वतः मागणी वाढवते, अशा बाजारात ग्राहकाचे सार्वभौमत्व हे संस्थानिकाच्या सार्वभौमत्वासारखे असते: दरबार याचा आणि कारभार रेसिडेंटचा.

सुखाचे मोल कोण देतो?

सिगारच्या चर्चेत ओढणारा दिसतो, वळणारा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील हजारो निर्वासित कुटुंबे चाळींतल्या कोंदट खोल्यांत सिगार वळीत असत. त्याच खोलीत तंबाखू वाळे, स्वयंपाक होई आणि मुले निजत. सिगार कामगारांचे पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांच्या प्रयत्नाने १८८४ मध्ये या प्रथेस बंदी करणारा कायदा झाला. १८८५ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द ठरविला. कामगाराला त्याच्या पवित्र घरापासून दूर करण्याचा अधिकार राज्याला नाही, आणि सिगार वळण्याचा सार्वजनिक आरोग्याशी काही संबंध दिसत नाही, असे त्याचे कारण! स्वातंत्र्याच्या नावाने मालकांची सोय पाहण्याचा हा नमुना आजच्या युक्तिवादांचा पूर्वजच म्हटला पाहिजे.

याच धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हवानातील एका कारखान्यात १८६५ साली, कामगार सिगार वळीत असताना एकाने मोठ्याने वाचून दाखवायचे, अशी प्रथा सुरू झाली. वाचकाचे वेतन कामगार आपल्या कमाईतून देत. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, पुढे राजकीय ग्रंथही असे वाचले गेले. फ्लोरिडातील टँपा शहरातही ही प्रथा गेली आणि १९३१ मध्ये मालकांनी ती बंद पाडली, कारण या वाचनातून कामगार शहाणे होत होते. सिगारच्या पानाशी मानवी कौशल्य, विचार आणि संघटना यांचा असा इतिहास जोडलेला आहे. तो आठवून कोणी सिगारकडे ममतेने पाहिले, तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

भारतात या विषयाचे रूप अधिक कठोर आहे. इंग्रजी ‘चिरूट’ हा शब्दच मुळी तमिळ भाषेतून गेला. तिरुचिरापल्लीचे चिरूट साहेबांच्या क्लबांत पोचले होते. आंध्रच्या किनाऱ्यावर गरीब स्त्रिया ओढतात तो ‘चुट्टा’ ही त्याच चिरुटाची धाकटी बहीण. श्रीकाकुलम भागातील पुष्कळ स्त्रिया त्याचे जळते टोक तोंडात धरून ओढीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी १९६०च्या दशकापासून या भागात घरोघर तपासण्या केल्या आणि टाळूच्या कर्करोगाशी या सवयीचे नाते उघड केले. क्लबातील साहेबाला सिगारचा ‘आस्वाद’ होता. चुट्टा ओढणाऱ्या मजूर स्त्रीच्या सुखाला असा भारदस्त शब्द कोणी दिला नाही, आणि तिच्या टाळूवर ‘मतभेद’ व्यक्त करायलाही कोणी आले नाही.

याच संशोधकांनी पुढे एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतील ३६ हजार तंबाखूसेवकांमध्ये आणखी एक प्रयोग केला. १९८६ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दंड नाही, बंदी नाही, हेटाळणी नाही; केवळ वारंवार भेटून, समजावून सांगून अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांचे प्रमाण घटले. गरिबाला सत्य सांगितले तर तो ते समजून घेतो, हा त्यातील खरा धडा आहे.

स्वातंत्र्याची अट

तिसरा प्रश्न स्वातंत्र्याचा. सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसूनही त्यांनी सिगार सोडली नाही. १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. ते स्वतः डॉक्टर होते आणि जाणून होते. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या हातून सिगार हिसकावून घेण्याचा अधिकार कोणाला होता, असेही म्हणता येणार नाही. मात्र मनाचे व्यापार उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञालाही ती सुटली नाही. जी निवड मोडता येत नाही तिला निवड म्हणायचे काय, हा प्रश्न उरतोच.

फिडेल कास्ट्रो यांनी १९८५ मध्ये सिगार सोडली. देशात धूम्रपानविरोधी मोहीम चालवायची आणि स्वतः सिगार हातात धरून छायाचित्रांत दिसायचे, ही विसंगती त्यांनी दूर केली. त्यांचे हे उदाहरण स्तुत्य आहे. पण अर्धीच गोष्ट सांगून थांबणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपविणे होईल. हवाना सिगार जगभर विकणाऱ्या कंपनीत क्यूबा सरकारचा निम्मा वाटा आहे, आणि जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर २००४ मध्ये सही करूनही क्यूबाने त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. अमेरिकेनेही दिलेली नाही. या एका बाबतीत दोन्ही शत्रू एकाच पंक्तीला बसले आहेत. भारताने मान्यता दिली आहे. पण येथेही सार्वजनिक आयुर्विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे बडे भागधारक आहे. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची झाली म्हणजे नफ्याचा मोह आपोआप मावळतो, अशा भ्रमात समाजवाद्यांनी राहू नये.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यायची भूमिका स्पष्ट आहे. सिगार ओढणाऱ्याला पापी ठरविणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. सोवळ्याओवळ्याचे राजकारण करणारे दुसरे पुष्कळ आहेत. पण ‘शास्त्रात मतभेद आहेत’ हे कंपन्यांचे वाक्य आपल्या तोंडी घेणे, हेही त्यांचे काम नव्हे. सिगारच्या सुखाला तीन अटी घालणे न्याय्य होईल. ओढणाऱ्याला धोका पूर्णपणे व त्याच्या भाषेत सांगितलेला असावा. त्याचा धूर घरातल्या मुलांच्या, पत्नीच्या किंवा हाताखालच्या नोकराच्या छातीत जाऊ नये. सिगारेट ओढणाऱ्या पतींच्या पत्नींना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे जपानमधील हिरायामा यांनी १९८१ मध्येच दाखविले आहे. आणि पान खुडणाऱ्याला, विडी-सिगार वळणाऱ्याला निर्वाह वेतन, उपचार आणि हा धंदा सोडायचा झाल्यास दुसरे काम मिळावे. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली संसदेने केलेला कायदा चळवळीने झगडून मिळविला होता. कागदावरचे हक्क हातात पडावेत यासाठीही झगडावेच लागले.

या अटी पाळून कोणी सायंकाळी आपल्या अंगणात एखादी सिगार पेटविली, तर तो त्याचा प्रश्न. त्याने एवढेच करावे: कोणी धोक्याविषयी विचारले तर मतभेदाचा आडोसा न घेता, ‘अपाय आहे, तरी मला ती आवडते’ असे सरळ सांगावे. शेजारच्या तरुणाला, आणि विडीच्या पत्त्याला पान कापून बसलेल्या बाईला, या एका सरळ वाक्याचा कंपन्यांच्या शंभर शंकांहून अधिक उपयोग होईल.