पाणी कुणी बाटवलं?

पाणी बाटतं म्हणणारांनो, आज तुमच्याशी पाण्यावरच बोलायचंय. शिव्या नंतर देऊ. आधी हिशेब.

२० मार्च १९२७. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणून तुम्ही बोंब ठोकलीत. शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्यात. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं तळं शेणानं शुद्ध झालं! शेणात कोलिफॉर्म जंतू असतात. पाणी तपासणारं आजचं कुठलंही पोरगं त्या तळ्याच्या बाटलीवर शेरा मारील : पिण्यास अयोग्य. आमच्यामुळं नव्हे, तुमच्यामुळं. आणि हायकोर्टातून तळ्याचा हक्क पक्का व्हायला १७ मार्च १९३७ उजाडला.

मी कांजूरमार्गला राहतो. पश्चिमेच्या बाजूला, भांडुपला, महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र. तानसा-वैतरणेचं पाणी तिथं शुद्ध होतं नि मुंबईभर जातं. पूर्वेला खाडीकाठी शहराच्या कचऱ्याचा डोंगर. मधे आम्ही. शुद्ध पाणी शेजारून पुढं जातं, घाण मात्र मुक्कामाला आमच्याकडं येते. आणि जिथून पाणी निघतं त्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण त्यांच्या उशाला, घागर रिकामी.

केंद्रातून पाणी चांगलंच निघतं. बाटतं ते वाटेत. वस्तीचा पाइप गटारातून नेलेला. पाणी दिवसातून काही तास. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि गंजलेल्या जोडातून गटार आत शिरतं. वर कुणी मोटर लावली की ती आणखी ओढते. म्हणून पहिल्या बादलीला वास. पाण्यात घातलेला क्लोरिन ही घाण मारता मारता स्वतःच संपतो. शेवटच्या नळाला तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. शेवटच्या नळाला कोण राहतं, हे मानकात लिहिलेलं नाही. आम्हाला ठाऊक आहे.

मग पोरांना हगवण लागली की उपदेश येतो : उकळून प्या. १८ जुलै २०२१ला पावसाचं पाणी भांडुपच्या केंद्रातच शिरलं, तेव्हा सगळ्या मुंबईला हेच सांगितलं. मुंबईनं चार दिवस उकळलं. आम्ही बारा महिने उकळायचं? ग्यासचे पैसे कोण देतं?

आणि गावाकडं तर उकळूनही भागत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कित्येक गावांत हातपंपाला फ्लोराइड येतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी पोरांचे दात पिवळे, मग माणसांची हाडं वाकडी. खतानं नि उकिरड्यानं विहिरीत नायट्रेट उतरतं. ४५ मिलिग्रॅमची हद्द ओलांडली की तान्हं बाळ निळं पडतं. हे जंतू नव्हेत. उकळलं की उलट दाट होतात. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर दमट खोलीत उघडी पडली की तिचा जोर जातो. मग विहिरीत पडतो नुसता चुना, आणि वहीत पडते सही.

या शहरानं १ जानेवारी २०००नंतरच्या झोपडीला नळच नाकारला होता. तारीख बघून तहान लागते काय रे? २०१४च्या डिसेंबरात हायकोर्ट म्हणालं, पाणी हा २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ला महापालिकेचं सर्वांसाठी पाणी हे धोरण आलं. कागद भिजला, घसा कोरडाच.

म्हणून मित्रांनो, नुसता नळ मागू नका. नळाचा दाखला मागा. नमुना टाकीचा नको, टेकडीवरच्या शेवटच्या नळाचा घ्या. क्लोरिन किती, जंतू किती, महिन्याच्या महिन्याला वस्तीच्या फळ्यावर लिहा. गावात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. ते दलित वस्तीच्या हातपंपाकडं बघून दिलं काय, हे भर ग्रामसभेत विचारा.

पाण्याला हात लावायची लढाई आपल्या आज्यापणज्यांनी दिली. ते पाणी पिऊन पोर जगलं पाहिजे, ही लढाई आपली. शुद्धी करायचीच असेल तर या वेळी १०८ घागरी नकोत. गटारातला पाइप काढा.